नदीने सांधलेला मुलूख, नदीनेच दुभंगला : वाखानच्या सीमेचा इतिहास

१/
भारताच्या गृहमंत्रालयाच्या नोंदीत देशाच्या भूसीमांची यादी आहे. बांगलादेश, चीन, पाकिस्तान, नेपाळ, म्यानमार, भूतान ही नावे अपेक्षितच. यादीच्या शेवटी मात्र एक नाव वाचणाऱ्याला थबकायला लावते : अफगाणिस्तान, १०६ किलोमीटर. ही सीमा पाकव्याप्त गिलगिट-बाल्टिस्तानच्या उत्तर टोकाला आहे. त्यामुळे ती यादीत असली, तरी तिच्यावर भारतीय पहारा नाही.

२/
या १०६ किलोमीटरांच्या पलीकडे अफगाणिस्तानची एक चिंचोळी पट्टी पूर्वेकडे चीनपर्यंत गेलेली दिसते. हिचे नाव वाखान. लांबी सुमारे ३५० किलोमीटर. रुंदी काही ठिकाणी जेमतेम पंधरा. नकाशावर ती अफगाणिस्तानच्या मुठीतून बाहेर आलेल्या बोटासारखी भासते. हे बोट कोणत्याही अफगाण राजाने लढून मिळवलेले नाही. १८७३ ते १८९५ या बावीस वर्षांत ते लंडन आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्यातील पत्रव्यवहारातून घडले. त्या घडणीचा हा #धागा.

३/
आधी भूमीचा परिचय. पामीर हे एखाद्या शिखराचे नाव नव्हे. दोन पर्वतरांगांमध्ये पसरलेल्या उंच, रुंद, गवताळ खोऱ्याला तिकडे ‘पामीर’ म्हणतात : मोठा पामीर, छोटा पामीर, अलिचुर पामीर, ताघदुंबाश पामीर. उंची चार हजार मीटरांच्या आसपास. तिथे झाड उगवत नाही, पीक येत नाही. उन्हाळ्याचे थोडे महिने उत्तम गवत मात्र येते. त्या गवतामागे याक, मेंढ्या आणि दोन मदारींचे उंट घेऊन फिरणारे किरगिझ मेंढपाळ हेच तिथले रहिवासी.

४/
या उंच पठारावरून उतरणारे प्रवाह एकत्र येऊन पंज नदी होते. हीच पुढे आमू दर्या, म्हणजे ग्रीकांची ऑक्सस. पंजच्या काठी वाखान, शुघनान, रोशान, दरवाझ अशी छोटी संस्थाने होती. प्रत्येकाचा स्वतंत्र मीर किंवा शाह असे. या संस्थानांविषयी एक गोष्ट पुढच्या साऱ्या इतिहासासाठी ध्यानात ठेवावी लागते : ती नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली होती.

५/
डोंगराळ मुलखात असे होणे स्वाभाविकच. मराठीत ‘कृष्णेचे खोरे’ म्हटले की दोन्ही तीर एकदमच डोळ्यांपुढे येतात. खोऱ्याची हद्द डोंगराच्या माथ्यावर असते आणि नदी त्याच्या मध्यातून वाहते. पंजकाठीही तसेच होते. कित्येक ठिकाणी कडा थेट पाण्यात उतरत असल्याने पुढच्या गावी जायला पैलतीरावरूनच वाट असे. फुगवलेल्या कातड्यांच्या आधाराने लोक नदी ओलांडत. सोयरिकी, गुरे, शेते, श्रद्धास्थाने दोन्ही बाजूंना विखुरलेली होती.

६/
सत्तेचे स्वरूपही रेषेत बसणारे नव्हते. ‘सरहद्द’ आणि ‘सीमारेषा’ यांत भेद आहे. सरहद्द हा एक रुंद पट्टा असतो. तिथे एका सत्तेचा प्रभाव हळूहळू विरत जातो आणि दुसऱ्या सत्तेचा सुरू होतो. हुंझाचा मीर एकीकडे काश्मीर दरबाराला आणि दुसरीकडे चिनी अधिकाऱ्यांना थोडे सोने नजराणा म्हणून देत असे. त्यात त्याला किंवा त्या दोन्ही दरबारांना फारसे वावगे वाटत नव्हते.

७/
एकोणिसाव्या शतकात हा पट्टा दोन्ही बाजूंनी आक्रसू लागला. रशियाने १८६५ मध्ये ताश्कंद घेतले, १८६८ मध्ये समरकंद, आणि १८७६ मध्ये कोकंदची खानशाही साम्राज्यात विलीन केली. कोकंदचा पामीरच्या किरगिझांवर हक्क होता. तोही वारसा म्हणून रशियाकडे आला. इकडे १८४६ मध्ये इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंहाच्या हवाली केले आणि १८४९ मध्ये पंजाब घेतला. शतकाच्या आरंभी दोन साम्राज्यांत हजारो किलोमीटरांचे अंतर होते. ते आता डोंगरांच्या काही रांगांवर आले.

८/
इंग्रजांना धास्ती होती ती या रांगांमधून रशियन फौज हिंदुस्थानात उतरण्याची. रशियनांना वाटे, इंग्रज अफगाण अमीराला पुढे करून मध्य आशियात उठाव घडवतील. उपाय म्हणून एक विचार पुढे आला : मध्ये अफगाणिस्तान ठेवावा, त्याची उत्तर हद्द ठरवावी आणि दोघांनी ती पाळावी. पण ती हद्द जायची कुठून, हे ठरवायला त्या भागाचा विश्वासार्ह नकाशाच नव्हता.

९/
हाताशी होती जॉन वूड या नाविक अधिकाऱ्याची माहिती. फेब्रुवारी १८३८ मध्ये तो ऑक्ससचा उगम शोधत वाखानमार्गे वर चढला आणि सुमारे ४,१०० मीटर उंचीवरच्या एका गोठलेल्या सरोवरापाशी पोहोचला. स्थानिक लोक त्याला सर-इ-कोल म्हणत. आजचे नाव झोरकुल. पुढे इंग्रजी नकाशांवर ते ‘व्हिक्टोरिया सरोवर’ झाले. वूडने ठरवले की ऑक्ससचा उगम हाच.

१०/
१८७२ च्या अखेरीस ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रॅनव्हिल यांनी रशियाकडे प्रस्ताव धाडला आणि जानेवारी १८७३ मध्ये रशियाचे गोर्चाकोव्ह यांनी तो मान्य केला. बदख्शान आणि त्याच्या अधीन असलेला वाखान अफगाण अमीराचा. पूर्वेला वूडच्या सरोवरापासून पुढे ऑक्ससचा प्रवाह हीच अमीराची उत्तर सीमा. कागदावर ही रचना अत्यंत सुबक होती. नदी सर्वांना दिसते आणि तिच्यावरून वाद होत नाही, हा सीमा आखणाऱ्यांचा आवडता समज त्यामागे होता.

११/
या सुबकतेत दोन दोष दडलेले होते. पहिला : रेषा सरोवरापाशी संपत होती. तिथून चिनी हद्दीपर्यंतचा पामीर कोणाचा, याविषयी करार मौन होता. दुसरा दोष अधिक खोल. इश्काशिमपाशी पंज नदी एकदम उत्तरेकडे वळते, मोठा वळसा घेते आणि मग पुन्हा नैर्ऋत्येला येते. नदीलाच सीमा मानले की या वळशावरची शुघनान, रोशान, दरवाझ ही संस्थाने मधोमध चिरली जात होती.

१२/
हे कळायला फार काळ लागला नाही. १८७४ मध्ये यारकंदला गेलेल्या फोर्साइथ मोहिमेतील अधिकारी पामीर ओलांडून वाखानात उतरले. त्यांच्यापैकी मुन्शी अब्दुल सुभान हा हिंदी सर्वेक्षक पंजच्या काठाने शुघनान-रोशानच्या बाजूला गेला. या मुलखांचे दोन्ही तीरांवर पसरलेले रूप अशा प्रवासांतून कागदावर आले. करार होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. करार मात्र तसाच राहिला.

१३/
अमीर अब्दुर रहमान खानाला तो अर्थातच सोयीचा नव्हता. १८८३ मध्ये त्याने वाखान आणि शुघनान-रोशान यांवर आपला थेट अंमल बसवला. नदीच्या उजव्या तीरावरील भागही त्यातून सुटला नाही. वाखानचा अखेरचा मीर अली मर्दान शाह हिंदुकुश ओलांडून दक्षिणेला निघून गेला आणि पुढे इश्कोमान खोऱ्यात स्थिरावला. रशियाने निषेध नोंदवला : नदीपलीकडचा ताबा १८७३ च्या कराराचा भंग आहे.

१४/
दरम्यान पश्चिमेला, पामीरपासून फार दूर, ३० मार्च १८८५ रोजी पंजदेह येथे रशियन आणि अफगाण सैन्यांची चकमक झाली. शेकडो अफगाण सैनिक मारले गेले. इंग्लंड आणि रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आले. अखेर दोघांनी संयुक्त आयोग नेमून पश्चिमेकडची सीमा खांब उभारून निश्चित केली. न आखलेली रेषा एखाद्या दूरच्या ठाण्यावरील अधिकाऱ्याच्या हातून महायुद्ध ओढवू शकते, हा धडा दोन्ही राजधान्यांनी पंजदेहमधून घेतला.

१५/
पूर्वेची पोकळी तशीच होती. १८८४ मध्ये रशिया आणि चीन यांनी आपली हद्द उझबेल खिंडीपर्यंत ठरवली. त्यापुढे रशियाची हद्द नैर्ऋत्येकडे आणि चीनची सरळ दक्षिणेकडे जाते, असे म्हणून ते थांबले. दोन दिशांना फाकणाऱ्या या रेषांच्या मध्ये पामीरचा एक त्रिकोण कोणाच्याच नावावर नव्हता. किरगिझांच्या दृष्टीने तो रिकामा नव्हता. साम्राज्यांच्या दृष्टीने तो रिकामा होता, आणि म्हणून धोकादायक.

१६/
१८८९ च्या शरदात या निर्जन भागात दोन तंबू शेजारी शेजारी उभे राहिले. एकात रशियाच्या सेवेतील पोलिश वंशाचा ग्रोम्बचेव्हस्की आणि त्याचे कोसॅक, दुसऱ्यात ब्रिटिश अधिकारी फ्रान्सिस यंगहजबंड आणि त्याचे गुरखे. दोघे एकत्र जेवले, मद्य प्यायले आणि रशिया हिंदुस्थानावर चाल करील का, यावर मोकळेपणाने बोलले. निरोपही स्नेहाने झाला. पण दोघांच्याही वहीत खिंडी, वाटा आणि चाऱ्याच्या नोंदी होत्या.

१७/
दोन वर्षांनी स्नेहाची जागा आदेशाने घेतली. ऑगस्ट १८९१ मध्ये २८ वर्षांचा यंगहजबंड छोट्या पामीरमधील बोझाई गुंबझ येथे मुक्कामाला होता. तिथे कर्नल योनोव्ह कोसॅकांची तुकडी घेऊन आला. पहिल्या भेटीत आदरातिथ्य झाले. तीन-चार दिवसांनी योनोव्ह परतला आणि अत्यंत संकोचाने म्हणाला की हा प्रदेश आता रशियाचा आहे आणि यंगहजबंडला येथून निघावे लागेल. यंगहजबंडने लेखी हमी देऊन मुक्काम हलवला आणि लंडनला तक्रार गेली.

१८/
ब्रिटिशांचा निषेध इतका तीव्र होता की रशियाने पुढे दिलगिरी व्यक्त केली. पण तोवर दोन्ही बाजूंची हालचाल वेगवान झाली होती. डिसेंबर १८९१ मध्ये इंग्रजांनी गिलगिटहून चढाई करून निल्टचा किल्ला घेतला. हुंझाचा मीर सफदर अली चिनी मुलखात पळाला. जुलै १८९२ मध्ये योनोव्हच्या तुकडीने यशिलकुल सरोवराजवळ सोमाताश येथील अफगाण ठाणे उद्ध्वस्त केले. अफगाण कप्तान शम्सुद्दीन आपल्या माणसांसह तिथे पडला. पुढे मुरगाब नदीकाठी रशियाचे कायमचे ठाणे उभे राहिले.

१९/
आता तडजोड अपरिहार्य होती आणि तिची किंमत अमीराने मोजायची होती. १८९३ च्या शरदात मॉर्टिमर ड्यूरँड काबूलला गेले. १२ नोव्हेंबरचा ‘ड्यूरँड रेषे’चा करार सर्वपरिचित आहे. त्याच दिवशी झालेला दुसरा करार फारसा आठवला जात नाही : अमीराने पंजच्या उजव्या तीरावरील शुघनान-रोशान सोडावे, आणि मोबदल्यात डाव्या तीरावरील दरवाझ घ्यावा. अमीराचे वार्षिक अनुदान १२ लाखांवरून १८ लाख रुपये झाले. वीस वर्षांपूर्वी कागदावर चिरलेली संस्थाने आता प्रत्यक्षात चिरली गेली.

२०/
उरला सरोवरापासून चीनपर्यंतचा टप्पा. ११ मार्च १८९५ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री किम्बर्ली आणि रशियन राजदूत स्टाल यांनी पत्रांची देवाणघेवाण केली. त्यातले एक कलम वाखानच्या जन्माचे कलम म्हणता येईल : रेषा आणि हिंदुकुश यांच्यामधला प्रदेश अमीराचा राहील, ब्रिटन तो आपल्या राज्याला जोडणार नाही आणि तिथे लष्करी ठाणी वा किल्ले उभारले जाणार नाहीत. दोन साम्राज्यांची अंगे एकमेकांना लागू नयेत, म्हणून मध्ये ठेवलेले हे अंतर होते.

२१/
त्याच उन्हाळ्यात सीमा आयोग पामीरवर चढला. ब्रिटिश पथक काश्मीरहून गिलगिटमार्गे आले. प्रमुख मेजर-जनरल जेरार्ड, सोबत सर्वेक्षक कर्नल होल्डिच. रशियन बाजूला फर्गानाचे गव्हर्नर जनरल पोवालो-श्वेइकोव्हस्की. अमीराचे प्रतिनिधीही होते. जुलै १८९५ मध्ये सारे झोरकुलच्या काठी जमले. चीनचा प्रतिनिधी या कामात नव्हता. ज्यांची कुरणे या रेषेखाली येणार होती त्या किरगिझांना कोणी पक्षकार मानले नाही.

२२/
कामाला अवघे काही आठवडे मिळाले, कारण सप्टेंबरात हिवाळा खिंडी बंद करू लागतो. सर्वेक्षक शिखरांवर चढून मोजमाप घेत; खाली दगडांचे खांब रचले जात. सरोवराच्या पूर्व टोकापासून चिनी हद्दीपर्यंत असे बारा खांब उभे राहिले. पामीरवरील दोन साम्राज्यांची सीमा ती एवढीच : बारा खांब आणि त्यांच्यामधली निर्मनुष्य कडेकपार.

२३/
नावांची वाटणीही सौजन्याने झाली. सरोवर व्हिक्टोरिया राणीचे, त्याच्या दक्षिणेची रांग झार निकोलसची. त्या रांगेतील एका शिखराला ‘कॉनकॉर्ड’, म्हणजे सलोखा, हे नाव मिळाले. रेषेच्या पूर्व टोकाचे शिखर पोवालो-श्वेइकोव्हस्कींच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सलोखा खरा होता. पामीरवरून दोन साम्राज्यांत त्यानंतर रक्त सांडले नाही. १९०७ च्या इंग्रज-रशियन समझोत्याला पोषक वातावरण इथूनच तयार झाले.

२४/
मग सीमा पक्की झाली का? नकाशावर झाली. भूमीवर मात्र नाही. छोट्या पामीरमधून अक्सू नदी उगम पावते आणि वाहत रशियन बाजूला जाते; खांबांची रेषा तिच्या खोऱ्याला आडवी छेदते. किरगिझ त्यानंतरही पुष्कळ वर्षे गवताच्या मागे रेषेच्या अलीकडे-पलीकडे जात राहिले. दगडी खांब कळपाला अडवत नाही. त्याला अडवायला बारमाही पहारा लागतो, आणि तो पोसण्याची ऐपत वा इच्छा तेव्हा कोणाचीच नव्हती.

२५/
ती इच्छा घेऊन आली नवी राजवट. १९१७ नंतर झारचे साम्राज्य गेले. सोव्हिएत सत्तेने खांब मात्र ठेवले आणि १९२० व १९३० च्या दशकांत रेषा बंद केली. सामूहिक शेतीच्या काळात मेंढपाळाने कळपासह देश ओलांडणे हा गुन्हा ठरला. १९४९ नंतर चीनची बाजूही मिटली. शतकानुशतके चौफेर फिरणारे किरगिझ वाखानच्या टोकाशी कोंडले गेले आणि धान्यासाठी खालच्या वाखी शेतकऱ्यांवर अवलंबून राहू लागले. सीमा आखली गेली १८९५ मध्ये. ती लागू झाली त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी.

२६/
१९७८ मध्ये काबूलमध्ये साम्यवादी सत्तापालट झाला, तेव्हा या कोंडीचा अर्थ पुरता उमगला. उत्तरेचा आणि पूर्वेचा मार्ग बंद असल्याने किरगिझांचे प्रमुख रहमान कुल सुमारे १,३०० माणसांसह दक्षिणेच्या खिंडीतून पाकिस्तानात उतरले. उन्हाळा मानवेना, रोगराईने माणसे दगावली. उंच, थंड प्रदेश हवा म्हणून त्यांनी अलास्कात वसण्याचीही विचारणा केली. १९८२ मध्ये तुर्कस्तानने आश्रय दिला. तिथे व्हान प्रांतात वसलेल्या त्यांच्या गावाचे नाव उलुपामीर, म्हणजे मोठा पामीर. काही कुटुंबे मात्र आधीच परत फिरली आणि त्यांचे वंशज आजही वाखानच्या टोकाला आहेत.

२७/
नदीकाठची गोष्ट अधिक मूक आहे. पंजच्या दोन तीरांवर एकच भाषा आणि बहुधा एकच इस्माइली पंथ. पण एका तीरावर सोव्हिएत काळात शाळा, वीज आणि रस्ता आला; दुसऱ्या तीरावर पायवाट आणि घासलेट. पोहत जाता येईल एवढ्या अंतरावरचे नातलग दोन पिढ्या एकमेकांना फक्त पाहत राहिले. २००२ मध्ये खोरोगजवळ तेम येथे पूल झाला, पुढे आणखी काही पूल झाले, आठवडी बाजार भरू लागले. हे बाजारही दोन्हीकडच्या राजकीय हवामानानुसार उघडतात आणि मिटतात.

२८/
वाखी लोक आज चार देशांत आहेत : अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, चीन आणि पाकव्याप्त गिलगिट-बाल्टिस्तान. त्यांनी स्थलांतराने जेवढे देश गाठले, त्याहून अधिक देश सीमांनीच त्यांच्या खोऱ्यांत आणून सोडले. १८९५ मध्ये गैरहजर राहिलेल्या चीननेही पुढे आपला हिशेब मागितला. १९६३ मध्ये अफगाणिस्तानशी त्याचा सीमाकरार झाला. २०११ मध्ये ताजिकिस्तानने पामीरमधील सुमारे एक हजार चौरस किलोमीटर भूमी चीनला दिली.

२९/
ज्या दोन साम्राज्यांसाठी हे अंतर राखले गेले, ती दोन्ही आज नाहीत. झारशाही १९१७ मध्ये गेली, ब्रिटिश राज १९४७ मध्ये, सोव्हिएत संघ १९९१ मध्ये. प्रत्येक वारसाने जुनी सत्ता नाकारली. तिने आखलेली रेषा मात्र स्वीकारली. कारण एक खांब हलवला तर सारेच खांब वादात येतात, हे प्रत्येक नव्या राज्याला लगेच उमगते. तात्पुरत्या भीतीतून आखलेल्या रेषा त्या भीतीपेक्षा दीर्घायुषी ठरतात त्या यामुळेच.

३०/
गृहमंत्रालयाच्या यादीतले ते १०६ किलोमीटर हे याच इतिहासाचे दक्षिणेकडचे टोक. यादीत ती एक ओळ आहे आणि नकाशावर एक रेघ. पंजच्या काठावर मात्र ती मुलखाच्या मध्यातून वाहणारी नदी होती. लंडन आणि सेंट पीटर्सबर्गला ती दुरून काठ वाटली, आणि १८७३ नंतर तिच्या दोन्ही तीरांना तसेच जगावे लागले.

(समाप्त) #इतिहास #वाखान #पामीर